खेळाच्या घराची किल्ली आपल्याच हाती

सुट्ट्या लागल्या की छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या घराघरांत अजूनही ज्याला औरंगाबाद म्हटले जाते त्या शहरात, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, गल्ल्या ओस पडतात आणि मुले घरात कोंडली जातात. मग हातात मोबाइल येतो. अम्मीची तक्रार ठरलेली असते, “दिवसभर त्यातच डोके खुपसून बसतो.” मुलाचे उत्तरही ठरलेले असते, “मी एकटा कुठे खेळतो? माझे सगळे मित्र तिथेच आहेत.”

दोघांचेही म्हणणे खरे आहे. डोळे, झोप, अभ्यास आणि नमाज यांची काळजी आईला वाटणारच. मुलालाही खेळापेक्षा सोबत हवी असते. कालचा शेजारी आज वाळूजला राहायला गेलेला असतो, मामूची मुले जालन्यात असतात, खालाची मुलगी पुण्यात शिकत असते. ही सगळी एकत्र भेटतात ती खेळातच. म्हणून फक्त “किती वेळ खेळतोस” एवढे विचारून भागत नाही. “कुठे खेळतोस आणि तिथे आणखी कोण आहे” हेही विचारायला हवे. या दुसऱ्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आपल्या घरातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. मुलांच्या खेळाचा सर्व्हर आपल्याच घरात उभा करायचा. आम्ही तो केला आहे, आणि वाटते तेवढे ते अवघड नाही.

सर्व्हर म्हणजे काय?

अनेक जण मिळून एक खेळ खेळतात तेव्हा त्या सगळ्यांच्या मधोमध एक संगणक लागतो. कोण कुठे उभा आहे, कोणी भिंत बांधली, कोणी दार उघडले याची नोंद तो ठेवतो आणि ती सगळ्यांच्या पडद्यावर पोहोचवतो. या संगणकाला सर्व्हर म्हणतात. मोठ्या खेळांचे सर्व्हर कंपन्यांकडे असतात. काही खेळ मात्र असे आहेत की त्यांचा सर्व्हर कोणालाही स्वतःच्या संगणकावर चालवता येतो. ठोकळे रचून घरे, पूल, शहरे बांधण्याचे खेळ त्यांत सर्वांत लोकप्रिय आहेत. माइनक्राफ्टचे नाव बहुतेक मुलांना ठाऊक असते. २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी विकत घेतली. त्याच धर्तीचा, पण पूर्णपणे मोफत आणि मुक्त स्रोत असलेला दुसरा खेळ म्हणजे लुआंटी. २०१० पासून तो माइनटेस्ट या नावाने चालत होता, २०२४ मध्ये त्याचे नाव बदलले.

दुसऱ्याच्या अंगणात

कंपनीच्या सर्व्हरवर खेळणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात खेळणे. तिथला कायदा त्यांचा, दार उघडे ठेवायचे की बंद हेही तेच ठरवणार. आपल्या मुलांनी हे अनुभवले आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली आणि त्यात पब्जी मोबाइल होता. २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार आला, जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली होती. सरकारचे निर्णय आपल्या जागी. मुलांच्या दृष्टीने मात्र मित्रांच्या भेटीची जागा एका रात्रीत नाहीशी झाली.

त्याहून मोठी चिंता आत येणाऱ्यांची आहे. खुल्या सर्व्हरवर आपल्या दहा वर्षांच्या मुलीशी कोण बोलते आहे हे आपल्याला कळत नाही. टोपणनावामागे बारा वर्षांचा मुलगा असतो तसा चाळीस वर्षांचा अनोळखी माणूसही असू शकतो. शिवीगाळ तिथे रोजची. “तुझा नंबर दे”, “फोटो पाठव”, “अम्मीच्या फोनवर आलेला ओटीपी सांग, तुला मोफत नाणी देतो” अशी बोलणी होतात. आपल्या बहुतेक घरांत याचा एक परिणाम दिसतो. मुलग्याला दटावून का होईना खेळू दिले जाते आणि मुलीला सरळ मनाई होते. मनाई करणाऱ्या आईची भीती खोटी नाही, पण शिक्षा होते ती मुलीला.

तिसरी गोष्ट पैशाची. अनेक खेळांत पैसे देऊन बंद पेटी उघडायची असते आणि आत काय निघेल हे आधी माहीत नसते. सूरह अल-माइदामध्ये दारूसोबतच जुगाराला घाणेरडे सैतानी काम ठरवून त्यापासून दूर राहायला सांगितले आहे. पैसे लावून नशिबावर सोडायचे, ही सवय दहाव्या वर्षी लागली तर ती पुढे कुठे नेईल हे सांगायला नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. कायदा चांगलाच आहे, पण घरातल्या मोबाइलवर नजर ठेवण्याचे काम अखेर घरालाच करावे लागते.

खेळ वर्ज्य नाही

काही घरांत खेळ म्हटला की तो वायाच, असे मानले जाते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात तसे दिसत नाही. ईदच्या दिवशी मस्जिदीत हबशी लोकांचा भाल्यांचा खेळ चालला असता हजरत आयेशा (रजि.) यांना तो मन भरेपर्यंत पाहू दिल्याची नोंद हदीसमध्ये आहे. त्या बाहुल्यांशी खेळत, त्यांच्या मैत्रिणी येत, हेही हदीसमध्ये आले आहे. स्वतः प्रेषितांनी (स.) त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. त्याचबरोबर तंदुरुस्ती आणि मोकळा वेळ या दोन नेमतींबाबत बहुतेक माणसे तोट्यात राहतात, असा इशाराही त्यांनी दिला आहे. दोन्ही शिकवणी एकत्र घेतल्या की वाट दिसते. खेळ असावा, पण त्याला सोबत, हद्द आणि वेळ असावी. घरच्या सर्व्हरवर या तिन्ही गोष्टी आपल्याला ठरवता येतात.

खेळातल्या प्राण्यांच्या आणि माणसांच्या आकृत्यांबद्दल काही पालकांच्या मनात शंका असते. उलेमांची मते यावर वेगवेगळी आहेत, तेव्हा आपापल्या आलिमांना विचारावे. लुआंटीत ‘माइनटेस्ट गेम’ नावाचा मूळ खेळ मिळतो. त्यात प्राणी नाहीत, राक्षस नाहीत, मारामारीवर भर नाही. माती, दगड, लाकूड, पाणी आणि बांधकाम एवढेच आहे. लहान मुलांसाठी आम्हाला तोच सर्वांत बरा वाटला.

काय लागते?

चार-पाच मुलांसाठी नवा संगणक घेण्याची गरज नाही. लुआंटीला चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा तर आठ जीबी असलेला बरा. लॅपटॉपचा पडदा तुटला असेल, कीबोर्डची दोन-चार बटणे गेली असतील तरी बाहेरचा पडदा आणि कीबोर्ड जोडून काम होते. घरात वायफाय असावे. खेळणाऱ्यांकडे साधा अँड्रॉइड फोन असला तरी चालतो.

विजेचा खर्च किती? असा लॅपटॉप साधारण तीस वॅट वीज घेतो असे धरा. रोज दोन तास चालला तर महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत. उन्हाळ्यात मात्र तो गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. खालून हवा मिळेल अशा कडक फळीवर ठेवावा आणि आत साचलेली धूळ एकदा साफ करून घ्यावी. वीज अचानक गेली की लिहिली जात असलेली नोंद बिघडू शकते. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर तीच यूपीएसचे काम करते. बॅटरी संपलेली असेल तर छोटा यूपीएस जोडावा. राउटरसाठीही लहानसा यूपीएस मिळतो.

उभा कसा करायचा?

लुआंटी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून लॅपटॉपवर घ्यावा आणि फोनवर प्ले स्टोअरमधून. नावात साम्य असलेली, जाहिरातींनी भरलेली नकली ॲप्स पुष्कळ आहेत, तेव्हा नाव नीट वाचावे. ॲप उघडल्यावर ‘कंटेंट’ या भागातून माइनटेस्ट गेम उतरवून घ्यायचा. मग ‘स्टार्ट गेम’मध्ये नवे जग तयार करायचे, त्याला नाव द्यायचे आणि ‘होस्ट सर्व्हर’ या चौकटीत खूण करायची. स्वतःचे नाव आणि पासवर्ड टाकून सुरू केले की सर्व्हर चालू झाला. विंडोज परवानगी विचारील, ती फक्त घरच्या खासगी जाळ्यासाठी द्यावी. ‘अनाउन्स सर्व्हर’ अशीही एक चौकट दिसते, तिला हात लावू नये. तिथे खूण केली की आपल्या सर्व्हरचे नाव जगाच्या यादीत झळकते.

आता घरातल्या दुसऱ्या फोनवरून आत जायचे. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘आयपीव्ही४’ असे लिहून पुढे चार आकड्यांचा पत्ता दिलेला असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. फोनवर ‘जॉइन गेम’मध्ये तो पत्ता आणि ३०००० हा पोर्ट क्रमांक टाकायचा. पोर्ट म्हणजे इमारतीच्या पत्त्यातला खोली क्रमांक समजा. मुलाने आपले नाव आणि पासवर्ड नोंदवला की तो जगात उतरतो. लॅपटॉपचा पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला कायमचा एकच पत्ता बांधून द्यावा.

ज्यांना माइनक्राफ्टच हवा त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, संगणकावरची जावा आवृत्ती आणि फोनवरची बेडरॉक आवृत्ती वेगळ्या आहेत. एकीचा खेळाडू दुसरीच्या सर्व्हरवर थेट जात नाही. सर्व्हरचा प्रोग्राम मोफत मिळतो, पण प्रत्येक खेळाडूला खेळ विकत घ्यावा लागतो. दुसरी, चोरीची प्रत चालावी म्हणून सर्व्हरची ओळख-तपासणी बंद करा असा सल्ला मुलांना मित्रांकडून मिळतो. तसे करू नये. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क बुडवणे हा हुकूक-उल-इबादचा प्रश्न आहेच. शिवाय तपासणी बंद केली की कोणीही दुसऱ्याचे नाव लावून आत शिरू शकतो आणि ज्यासाठी घरचा सर्व्हर केला तो हेतूच संपतो. खर्च परवडत नसेल तर लुआंटी घ्यावा. त्यात मुलांचे काही बिघडत नाही.

जालन्याची भावंडे कशी येणार?

घरातल्या घरात सगळे सोपे असते. खरी अडचण येते ती बाहेरच्या मित्राला बोलावताना. इंटरनेटवर शोधले तर ‘राउटरमध्ये पोर्ट उघडा’ असे सांगणारे शेकडो व्हिडिओ दिसतात. ते करूनही आपल्याकडे पुष्कळदा काही होत नाही आणि मुलांना वाटते आपलेच काहीतरी चुकले. कारण वेगळे आहे. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात कमी पडतात, म्हणून अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. एका मोठ्या इमारतीला एकच पत्ता आहे आणि पोस्टमनला खोली ठाऊक नाही, अशी ती स्थिती. तुमच्या राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही अशाच इमारतीत आहात. तिथे पोर्ट उघडून उपयोग नाही. वेगळा कायमचा पत्ता बहुधा जादा पैसे भरून मिळतो, पण आपल्या कामासाठी त्याची गरज नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे खासगी जाळे. झीरोटियर आणि टेलस्केल ही त्यासाठीची दोन माहितीतली साधने आहेत. छोट्या गटाला त्यांची मोफत योजना पुरते. सर्व्हरच्या लॅपटॉपवर आणि प्रत्येक मुलाच्या फोनवर ते ॲप बसवायचे. झीरोटियरमध्ये तुम्ही एक जाळे तयार करता, त्याचा क्रमांक नातेवाइकांना देता. त्यांनी तो टाकला तरी ते लगेच आत येत नाहीत. त्यांचे उपकरण तुमच्या यादीत दिसते आणि तुम्ही स्वतः मंजुरी दिल्यावरच ते जोडले जाते. त्यानंतर जालन्याचा फोन आणि आपला लॅपटॉप एकाच घरातल्या वायफायवर असल्यासारखे वागतात.

यात सोय आहेच, पण सुरक्षितता त्याहून मोठी आहे. पोर्ट उघडला म्हणजे सगळ्या जगासाठी दार उघडले. इंटरनेटवर अशी उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. खासगी जाळ्यात रस्त्यावरून जाणाऱ्याला दार दिसतच नाही. एक सूचना मात्र द्यायला हवी. आपली कित्येक माणसे आखाती देशांत आहेत. तिथे अशा जाळ्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत, तेव्हा तिथल्या नातेवाइकाने आधी चौकशी करून मगच हे वापरावे.

आत कोणाला घ्यायचे?

आमचा नियम साधा आहे. ज्या मुलाच्या आईशी आमचे फोनवर बोलणे झाले आहे, तोच मुलगा किंवा मुलगी आत. “मित्राचा मित्र आहे” हे कारण पुरत नाही. यामुळे एक अनपेक्षित फायदा झाला. मुलांच्या आया एकमेकींना ओळखू लागल्या. कोणाची परीक्षा आहे, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी दावत आहे हे कळू लागले आणि खेळाची वेळ सगळ्या घरांनी मिळून ठरवली. एकाच घरात बंदी आणि दुसऱ्या घरात मोकळीक असली की मुले भांडतात, ते बंद झाले.

सर्व्हर सुरू करणाऱ्याच्या नावाला सगळे अधिकार असतात. नव्याने आलेल्याला सुरुवातीला बांधण्याचा आणि बोलण्याचाच अधिकार मिळतो. बोलण्याचा अधिकार काढता येतो, कोणाला बाहेर काढता येते, कायमची मनाईही करता येते. हे अधिकार आमच्याकडे घरातल्या मोठ्या मुलीकडे आहेत आणि मुख्य पासवर्ड तिच्या अम्मीकडे. तंत्रज्ञान म्हटले की ते मुलग्यांचे, ही समजूत मोडायला यापेक्षा सोपा मार्ग नसेल. जी मुलगी चार घरांचा सर्व्हर सांभाळते, पासवर्ड बदलते, बॅकअप ठेवते, ती उद्या संगणकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसणार नाही.

भांडणे तरीही होतात. एकाने रात्री दुसऱ्याचे घर पाडले, असा आरोप सकाळी येतो. लुआंटीच्या सेटिंगमध्ये ‘रोलबॅक’ची नोंद आधीच चालू करून ठेवली तर कोणत्या ठोकळ्याला शेवटी कोणी हात लावला हे पाहता येते, आणि झालेले नुकसान मागे घेता येते. एखादी खबर आली की आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कोणाचे तरी नुकसान कराल, ही सूरह अल-हुजुरातची शिकवण. मुलांना ती व्याख्यान देऊन कळत नाही. पाडलेल्या भिंतीजवळ उभे राहून, आरोप करण्याआधी नोंद पाहिली की चांगली कळते. कित्येकदा भिंत पाडणारा चोर सोडून धाकटा भाऊ निघतो.

वेळ कोण पाळणार?

कंपनीच्या खेळाला रात्र नसते. घरच्या सर्व्हरला असते, कारण तो आपण बंद करतो. सुट्टीत आमच्याकडे तो असरच्या नमाजनंतर सुरू होतो आणि मगरिबच्या अजानआधी बंद होतो. मे महिन्यात हा वेळ दीड तासाच्या आसपास भरतो. बंद होण्याच्या दहा मिनिटे आधी सगळ्यांना संदेश जातो, हातातले काम आवरले जाते. एकट्या मुलाला उठवताना जी रडारड होते ती इथे होत नाही, कारण सगळे मित्र एकाच वेळी उठतात. मागे राहण्याची भीतीच उरत नाही. रमजानमध्ये वेळ कमी करायची, शेवटचे दहा दिवस सर्व्हर बंद ठेवायचा आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी उघडायचा, असे ठरवता येते. परीक्षेच्या काळातही तेच.

दर जुम्याला सर्व्हर बंद असताना जगाचे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावे. पाच मिनिटांचे काम आहे. मुलांनी दोन महिने खपून बांधलेले शहर एका बिघाडात गेले तर त्यांना होणारे दुःख खरे असते, ते हसण्यावारी नेऊ नये.

खेळायचे काय? नहर बांधू या!

जग रिकामे असते. त्यात काय उभे करायचे हे मुलांनी ठरवायचे. आम्ही फक्त एक सुचवले, आपले शहर बांधा. अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. त्याचा भडकल दरवाजा १६१२ चा. मुलांनी तिथे जाऊन कमान मोजली, फोटो काढले आणि ठोकळ्यांत ती उतरवायला बसली. दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण गेट, रोशन गेट ही नावे रिक्षाच्या थांब्यांपुरती उरली होती, त्यांना आकार आला.

खरी गंमत आली ती पाण्यात. मलिक अंबरने शहरासाठी जमिनीखालून पाणी आणले, ती नहर-ए-अंबरी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीलाही डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी येते आणि उंचावरून पडून चक्की फिरवते. तिथला मोठा हौद म्हणजे खालच्या दालनाचे छत, म्हणून भर उन्हाळ्यातही ते दालन थंड असते. मुलांना वाटले, ठोकळ्यांचा चर खणला की पाणी वाहील. पण या खेळात सपाट जागेवर पाणी सातेक ठोकळ्यांपलीकडे जात नाही. ते पुढे न्यायचे तर थोड्या थोड्या अंतरावर एकेक पायरी उतार द्यावा लागतो. उतार जास्त दिला तर शहरात पोहोचेपर्यंत पाणी फार खोल जाते, कमी दिला तर मध्येच थांबते. चार दिवस मुले मोजत बसली, दोनदा सगळे खोदून काढले. चारशे वर्षांपूर्वी कोणत्याही पंपाशिवाय उताराच्या हिशोबावर या शहराने पाणी प्यायले, ही गोष्ट त्यांना तेव्हा समजली. घरच्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते ते पाहणाऱ्या मुलांनी मग विचारलेले प्रश्न मोठ्यांना निरुत्तर करणारे होते.

हा उपयोग आमचीच कल्पना नाही. माइनक्राफ्टची कंपनी आणि संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था यांनी २०१२ मध्ये ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. वस्तीतले लोक, विशेषतः तरुण मुले-मुली, आपल्या भागातले मैदान किंवा चौक कसा हवा ते या खेळात बांधून दाखवतात आणि आराखडा करणारे ते विचारात घेतात. नैरोबीच्या किबेरा या गरीब वस्तीतल्या मैदानासाठीही असे काम झाले आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेचे काय व्हावे, हे मुलांना विचारून तर पाहा.

आणि शेवटी

घरचा सर्व्हर म्हणजे सगळ्या रोगांवरचे औषध नव्हे. त्याच फोनवर बाकीचे इंटरनेट आहेच, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मैदानात पळण्याची जागा कोणताही पडदा घेऊ शकत नाही. हा सर्व्हर उभा करायला दोन संध्याकाळी लागतात, पण तो सांभाळायला रोज थोडे लक्ष लागते. ते द्यायची तयारी नसेल तर सुरूच करू नये.

तयारी असेल तर मात्र हे जरूर करा, आणि मुलांना सोबत घेऊन करा. अब्बूंनी रात्री एकट्याने सगळे जोडून सकाळी तयार खेळ हातात दिला तर त्यातला अर्धा फायदा गेला. पत्ता कसा शोधायचा, दार कसे लावायचे, कोणाला मंजुरी द्यायची आणि कोणाला नाही, का नाही, हे मुलांनी आपल्या शेजारी बसून शिकले पाहिजे. काही वर्षांत ती आपल्या नजरेआड, स्वतःच्या फोनवर, मोठ्या जगात जाणारच आहेत. तिथे प्रत्येक दाराशी आपण उभे राहू शकत नाही. दार कोणासाठी उघडायचे याची समज तेवढी आपण त्यांच्यासोबत पाठवू शकतो. मुले ही आपल्याकडे अल्लाहची अमानत आहे, आणि त्यांचा मोकळा वेळही त्याच अमानतीचा भाग आहे. ती नीट सांभाळण्याची तौफीक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.